चूक १२०७ व्या ओळीत, संदेश ४१८६२ व्या ओळीचा

सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा मजकूर) वाचणाऱ्या आमच्या लायब्ररीविषयी, म्हणजे इतर प्रोग्रॅम वापरतात त्या तयार कोडविषयी, एका दूध संस्थेत हिशेब पाहणाऱ्या बाईंची तक्रार आली. ‘ओळ ४१८६२ : फाइल अनपेक्षितपणे संपली’ एवढाच संदेश त्यांना मिळत होता. त्या ओळीत काहीच वावगे दिसेना, म्हणून त्यांनी ती काढून टाकली; तेव्हा तोच संदेश ४१८६१ व्या ओळीसाठी आला. अशा अकरा ओळी, म्हणजे सभासदांच्या दुधाच्या अकरा नोंदी, काढून झाल्यावर त्यांनी आम्हाला लिहिले.

खरा दोष १२०७ व्या ओळीत होता. शेऱ्याच्या रकान्यात सुरुवातीला दुहेरी अवतरणचिन्ह पडले होते आणि ते मिटायचे राहिले होते. सीएसव्हीचे स्वरूप सांगणाऱ्या २००५ च्या आरएफसी ४१८० या दस्तऐवजानुसार अवतरणात नवी ओळ चालते आणि पुढे फाइलीत दुसरे अवतरणचिन्हच नव्हते, त्यामुळे पार्सरने (फाइल वाचून रकाने वेगळे करणाऱ्या भागाने) चाळीस हजारांहून अधिक ओळी त्या एका शेऱ्यातच जमा धरल्या. ‘फाइलच चुकीची आहे’ असे सांगून आमच्या एका सहकाऱ्याने अशा तक्रारी पूर्वी बंद केल्या होत्या. मला ते मुळीच पटत नाही. अवतरण कुठे उघडले हे पार्सरने पाहिलेले असते, ते लक्षात न ठेवणे ही आमची चूक होती.

ती जागा जपून ठेवायला दोन पूर्णांक (ओळ आणि ओळीतले स्थान) पुरले. वेळ गेला तो ओळीतले स्थान मोजण्यात, कारण आम्ही अक्षरे नव्हे, तर बाइट (साठवणीची एकके) मोजत होतो. ‘शेतकरी’ या शब्दाला यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत १८ बाइट लागतात, युनिकोडची चिन्हे (मात्रा, वेलांटी वेगळी धरून) ६ होतात आणि वाचणाऱ्याला अक्षरे दिसतात ४. आमच्या सगळ्या चाचण्या इंग्रजी मजकुरावर असल्याने हा फरक कधी दिसलाच नव्हता. आता स्थान अक्षरांत मोजले जाते आणि सोबत रकान्याचे शीर्षकही छापले जाते.

एक अडचण अजून सुटलेली नाही. पुढे कुठे रीतसर अवतरणातला पत्ता असता, तर त्याचे उघडणारे चिन्ह पार्सरला मिटणारे वाटले असते. नियमाबाहेरचे चिन्ह दिसताच थांबणाऱ्या काटेकोर वाचनात तिथेच चूक सापडते, म्हणून आता अवतरण उघडल्याची आणि मिटल्याची अशा दोन्ही जागा आम्ही दाखवतो. अशी चिन्हे खपवून घेणाऱ्या सैल वाचनात मात्र उघडझाप उलटी होऊन शेवटी भलत्याच ओळीकडे बोट जाते. एका रकान्याने शंभर ओळी ओलांडल्या की इशारा द्यावा, असे मी सुचवले आहे. रकान्यात लांब पत्रे ठेवणाऱ्यांना तो विनाकारण मिळेल, हा आक्षेपही रास्त आहे.

काढलेल्या अकरा ओळी मूळ फाइलीतून परत घेतल्या का, हे मी बाईंना आवर्जून विचारले. घेतल्या होत्या.