काहीही चालेल

मंगळवार, रात्र. पोर्ट ऑफ स्पेन, त्रिनिदाद.

झोप येत नाहीये. एवढंसं वाक्य, पण माशाचा काटा अडकावा तसं कालपासून घशात अडकलंय.

काल संध्याकाळी अरिअपिता अ‍ॅव्हेन्यूवर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चाललो. खायच्या जागांना तोटा नाही. मनू म्हणाली, "आता तू सांग." मी म्हटलं, "मला काहीही चालेल." तर ती रस्त्यातच थांबली. "आई, तुझं काहीही चालेल म्हणजे काहीच चालणार नाही असं असतं. चार दिवस बघतेय."

हे नेमके तेव्हाच समोरची पाटी वाचत होते. असो.

मी काय वाईट बोलले? दुसऱ्याचीच सोय बघितली ना? तीस वर्षं रोज सकाळी "आज काय करू?" म्हणून मी विचारते आणि आतून आवाज येतो, "काहीही कर." तेव्हा कोणी मला... आणि हो, त्या "काहीही"ने माझंही डोकं फिरायचंच. कढईत झारा आपटायचे मी.

तरीपण चारचौघांत नको होतं बोलायला. एवढी तिकिटं तिने काढली म्हणून... जाऊ दे.

आज डेबेला गेलो, सान फर्नांडोजवळ. रस्त्याकडेला टपऱ्यांची रांग, डबल्ससाठी ही गर्दी. हळद घातलेल्या दोन मऊ, तळलेल्या पोळ्या. त्यांना इथे 'बारा' म्हणतात, म्हणजे आपला वडाच. त्यात रसदार चणे, चिंचेची चटणी, काकडी. माझा नंबर आला. बाईंनी कागदावर चणे वाढले आणि विचारलं, "पेपर?" इथे पेपर म्हणजे मिरी नव्हे, मिरचीचा जहाल ठेचा. मी सवयीने म्हटलं, "एनिथिंग."

बाईंचा चमचा हवेतच. मागे दहा माणसं. "स्लाइट? मीडियम?" त्या माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे. १८४५ पासून भारतातून उसाच्या मळ्यांत राबायला आणलेल्यांची ही पणती-खापरपणती असणार. चेहरा थेट आपल्या देशस्थ मावशीचा. पण मावशीसारखं माझ्या वतीने ठरवायला तयार नाही. शेवटी म्हटलं, "स्लाइट." खाली आला चमचा! त्या स्लाइटनेही कानातून धूर निघाला ते वेगळं.

शेजारच्या टपरीत सहीना होता. डशीनची पानं, म्हणजे अळूच, डाळीचं पीठ लावून गुंडाळलेली, कापून तळलेली. मी भर रस्त्यात ओरडले, "अगं, अळूवडी!" गूळ नाही, तीळ नाहीत, तरी चार खाल्ल्या. कोणाला न विचारता. मनू फोटो काढत होती. मला वाटतं हसतही होती. आई असत्या तर म्हणाल्या असत्या... नको, पुन्हा रडू येईल.

रात्री मनूने जरा जपूनच विचारलं, "जेवायला कुठे?" मी तयारच होते. "स्टोअर बेच्या त्या कुर्ल्या. डम्पलिंगवाल्या. करी जरा जास्त घालून."

मनूने फोन खाली ठेवला. "आई, ते टोबॅगोत. मध्ये समुद्र आहे."