मुलसानच्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये

पॅरिसच्या माँपारनास स्थानकावरून निघालेल्या वेगवान रेल्वेने तासाभरात ल माँला पोहोचलो आणि भाड्याची छोटी गाडी घेऊन तडक तूरच्या दिशेने निघालो. इथल्या चोवीस तासांच्या मोटार शर्यतीत ज्याला मुलसानचा सरळ रस्ता म्हणतात, तो एरवी साधा सार्वजनिक रस्ता आहे. माझ्यापुढे मालट्रक रेंगाळत होता, दुतर्फा झाडी होती आणि मध्येच एक चिनी उपाहारगृहही दिसले. जून १९८८ मध्ये याच डांबरावरून जग्वार एक्सजेआर-९ ताशी ३८० किलोमीटरहून अधिक वेगाने धावली होती, आणि केवळ तिच्यासाठी मी इथवर आलो होतो.

ही गाडी टॉम वॉकिनशॉ यांच्या संघाने ऑक्सफर्डजवळच्या किडलिंग्टनला बांधली, तर तिची रचना टोनी साउथगेट यांची. धड कार्बन फायबर व केव्हलरचे असले, तरी आतले सात लिटरचे बारा सिलिंडरी इंजिन मात्र जग्वारच्या रस्त्यावरच्या मोटारींतूनच विकसित केलेले होते. या लांबलचक रस्त्यावर वाऱ्याचा अडथळा कमी व्हावा, म्हणून मागची चाकेसुद्धा पत्र्यासारख्या आवरणाने झाकलेली असत.

आपल्याकडचा हमखास प्रश्न म्हणजे ‘ॲव्हरेज किती देते?’, आणि गंमत अशी की त्या काळी ल माँची शर्यत याच प्रश्नावर चाले. चोवीस तासांसाठी प्रत्येक मोठ्या गाडीला २५५० लिटर इंधन ठरवून दिलेले असे. विजेत्या जग्वारने ३९४ फेऱ्यांत सुमारे ५३३३ किलोमीटर कापले, म्हणजे लिटरला दोनच्या जरा वर! त्यामुळे नुसते पळणे पुरेसे नव्हते. हात राखून पळावे लागे.

रस्त्याच्या उजव्या अंगाला शर्यतीच्या मार्गाचे वळण फुटते, तिथे गाडी बाजूला घेऊन उतरलो. १९९० मध्ये वेगाला आळा घालण्यासाठी अशी दोन वळणे घातली गेली. कठड्यापलीकडे रंगवलेल्या कडांवर टायरांचे काळे ओरखडे अजून दिसत होते. १९८८ मध्ये इथे अडथळाच नव्हता. जग्वारने पाच गाड्या उतरवल्या होत्या, त्यांतल्या दोन बाद झाल्या, आणि सलग सात वर्षे जिंकत आलेली पोर्शे आघाडीच्या जग्वारच्याच फेरीत, जरा मागे होती. शेवटच्या टप्प्यात ती जग्वार चालवणाऱ्या यान लामर्स यांना गिअरबॉक्स कुरकुरत असल्याचे जाणवले, तेव्हा त्यांनी गिअर बदलणेच टाळले आणि चौथ्यातच गाडी शेवटपर्यंत नेली. जॉनी डमफ्रीज व अँडी वॉलेस या साथीदारांसह मिळवलेला तो विजय, जग्वारसाठी १९५७ नंतरचा पहिला. (जग्वार टाटांकडे आली २००८ मध्ये, तेव्हा आम्हा पुणेकरांनी याचे श्रेय घ्यायला जागा नाही, तरी छाती किंचित फुगलीच.)

मुलसानच्या चौकातल्या गोल वळणावर, मागे कोणी नाही हे पाहून, मीही गिअर चौथ्यातच ठेवून वळायचा प्रयत्न केला. गाडी गचके खात थरथरली, आणि मी निमूटपणे दुसरा टाकला.