आमची वाटचाल: गच्चीवरच्या २० कुंड्या

सुरुवात पुण्यात, घराच्या गच्चीवर झाली. मी, बायको आणि २० कुंड्यांमधले चायनीज एल्मचे बोन्साय, म्हणजे छाटून कुंडीतच लहान ठेवलेली झाडं. चीन, कोरिया, जपानकडचं हे झाड आपल्या वावळ्याच्याच कुळातलं. पान नखाएवढं. खोड जुनं झालं की सालीचे पापुद्रे सुटतात आणि खाली नारिंगी-तपकिरी ठिपके दिसतात. गिऱ्हाईक त्या खोडावरच भाळतं.

पहिल्या वर्षी सगळी झाडं विकली गेली. पावसाळ्यात फोन सुरू झाले, पानं गळाली, झाड गेलं. एक काकू तर कुंडीच घेऊन आल्या. उपसून पाहिलं, मुळं काळी, लिबलिबीत, कुजका वास. काकू काहीच चुकल्या नव्हत्या. ‘रोज वाटीभर पाणी घाला’ असं कार्ड आम्हीच छापून दिलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

कार्ड बंद केलं. आता झाड नेणाऱ्याला आधी मातीत बोट घालायला लावतो. पेरभर खाली ओल लागली तर पाणी नाही. कोरडं वाटू लागलं की तळातून वाहेपर्यंत द्यायचं. एप्रिलात कधी दिवसातून दोनदा, पावसात कधी चार दिवस नाहीच. मातीही बदलली. आता चाळलेला वीटचुरा जास्त, पालापाचोळ्याचं खत थोडं. घरात सकाळचं ऊन येत नसेल तर हे झाड घेऊ नका, असं स्पष्ट सांगतो. विक्री जाते, जाऊ दे.

फांदीच्या वळणासाठी माझा भर तिला गुंडाळायच्या तारेपेक्षा कात्रीवर. दक्षिण चीनमधल्या लिंगनान पद्धतीत फांदी वाढू देतात, छाटतात, पुन्हा वाढू देतात. एल्म छाटल्यावर जोमानं फुटतो, त्यामुळे त्याला हे मानवतं. सहा-सात पानं आली की दोनवर आणायची. तार मात्र काढायची विसरली तर सालीत रुतते आणि तो वळ वर्षानुवर्षं जात नाही.

आज आमचं घर विक्रीपेक्षा ‘माहेरपणा’वर चालतं. शब्द बायकोचा. लोक गावाला जाताना झाड आमच्याकडे ठेवतात, दोन-तीन वर्षांनी फेब्रुवारीत कुंडी बदलायला आणतात. काकूही येतात. त्यांना तेव्हा दुसरं झाड दिलं होतं, पैसे न घेता. यंदा ते कुंडीतून काढलं तर मुळं फिकट, टणक, कडेनं गोल फिरलेली. काकू किती वेळ बघत होत्या. मी मुळांना कात्री लावली, तेव्हा मात्र त्यांनी मान फिरवली.