तिसरी पिन

आमच्या पाटीवर ‘कॉम्प्युटर व साऊंड सर्व्हिस’ असं लिहिलंय. पण सोलापूरच्या पूर्व भागात पत्ता विचारलात तर समोरचा आधी विचारेल, ‘ते हम काढणारे का?’ हम म्हणजे स्पीकरमधून सतत येणारी ‘हंऽऽ’ अशी घरघर. हे नाव आम्ही लावून घेतलं नाही, मास्तरांनी लावलं.

मास्तर म्हणजे आमचं पहिलं गिऱ्हाईक. दिवसा शाळा, रात्री घरातल्या एवढ्याशा खोलीत तेलुगू-मराठी भजनांचं रेकॉर्डिंग. भिंतीपलीकडे चार माग. रेकॉर्डिंगमध्ये कायम ‘हंऽऽ’. जो येई तो मागांच्या नावाने बिल फाडून जाई. आमचे भागीदार अण्णा मात्र मुद्दाम मागाच्या सुट्टीच्या दिवशी गेले. माग बंद, हम चालूच. अण्णांनी हेडफोन कानाला लावून साऊंडच्या मिक्सरमधून कॉम्प्युटरची वायर उपसली. शांत. परत खुपसली, हंऽऽ. कॉम्प्युटर एका भिंतीच्या सॉकेटवर, मिक्सर समोरच्या भिंतीच्या. दोघांचं अर्थिंग वेगवेगळ्या वाटेने गेलेलं. दोन अर्थमध्ये जरा व्होल्टेजचा फरक पडला की ऑडिओ वायरच्या जाळीतून करंट वाहतो आणि मेन्सचे ५० हर्ट्झ भजनात येऊन बसतात. दोन्ही मशिनी एकाच बोर्डावर घेतल्या, झालं. खर्च काहीच नव्हता, तरी मास्तरांनी दीडशे रुपये दिले आणि वर शेंगाचटणीची पुडी.

अण्णा मूळचे रेडिओ मेकॅनिक. त्यांचा खिशातला ट्रान्झिस्टर अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. मीडियम वेव्हवर स्टेशन नसलेल्या जागी लावायचा आणि खोलीभर फिरवायचा. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, स्वस्तातला एलईडी, लोकल चार्जर, जो कुणी घाण सोडत असेल त्याच्यापाशी तो करकर ओरडतो. आणि दुसरी त्यांची ‘डबी’. टेलिफोनच्या भंगारातला ६०० ओहमचा ट्रान्सफॉर्मर पत्र्याच्या डबीत बसवून दोन्ही बाजूंना सॉकेट. आवाज चुंबकाच्या वाटेने पलीकडे जातो, तांब्याला तांबं कुठेच लागत नाही, त्यामुळे अर्थचा वळसा तुटतो. बेस जरा कमी होतो, हे आम्ही गिऱ्हाइकाला आधीच सांगायचो.

आता ते प्रकरण. घरचे म्हणतात लिहू नका, पण लिहितो. एका मंगल कार्यालयाचं अख्खं साऊंड आम्हाला मिळालं. माल उधारीवर उचलला, बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. मिक्सर आणि लॅपटॉप स्टेजवर, अ‍ॅम्प्लिफायर मागच्या खोलीत. टेस्टिंगला सगळं गार. पहिल्या लग्नाला डेकोरेशनचे दिवे लागले, लोड वाढला आणि मंगलाष्टकांच्या आधी हॉलभर हंऽऽ. अण्णा म्हणाले, अर्धा तास द्या, डबी टाकतो. मालकांनी तेवढ्यात दुसऱ्या एका साऊंडवाल्याला बोलावलं. त्याने खिशातून पकड काढली आणि मिक्सरच्या प्लगची तिसरी पिन कचकन उडवली. हम गायब.

‘तुम्हाला महिना लागला बे, त्याला मिनिट!’ हे मालक अख्ख्या वऱ्हाडासमोर बोलले.

अर्थ तोडला की हम जाणारच, त्यात कसली कला? पण मिक्सरची पत्र्याची बॉडी आता अर्थला टेकलेली फक्त ऑडिओ वायरच्या बारीक जाळीतून. ती जाळी सुटली की पॉवर सप्लायमधले फिल्टरचे कपॅसिटर बॉडीला २३० व्होल्टच्या निम्म्यावर नेऊन ठेवतात. करंट नगण्य, पण उलटा हात फिरवला तर झिणझिण्या येतात. आत कधी वायर सोलली गेली तर मग पूर्ण २३०. हे मी मालकांना त्याच दिवशी सांगितलं. ते म्हणाले, आता कारणं नकोत. निम्मं बिल अडकलं. नवी पेठेत बोभाटा झाला. आठ महिने नवं काम आलं नाही. अण्णा पुण्याला मुलाकडे गेले. त्या काळात महिन्याला नेमाने फोन करणारे एकटे मास्तर. कधी खरंच काम असायचं, कधी त्यांनीच कुठलीतरी वायर ढिली करून ठेवलेली असायची, असा मला दाट संशय आहे.

त्याला बारा वर्षं झाली, दुकान चालू आहे.

नव्या पोरांनी विचारलं नसलं तरी एक सांगतो. लॅपटॉपला हम असेल तर आधी चार्जर काढा. बॅटरीवर हम गेला तर साऊंड कार्ड विकत आणायला पळू नका, रोग अर्थिंगमध्ये आहे. आणि एप्रिल-मेमध्ये अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओता. आपली काळी माती भेगाळली की अर्थिंग नुसतं नावाला उरतं.

मागल्या वर्षी त्याच कार्यालयातून फोन आला. माईक तोंडाला लावला की ओठांना चटका बसतोय म्हणे. मॅनेजर नवा होता. गेलो. प्लग तोच, दोन पिनांचा. नवा थ्री-पिन टॉप बसवला, अण्णांची डबी टाकली, सगळे दिवे लावून दाखवले. बिलात पहिली ओळ लिहिली, ‘मागील बाकी’.

‘ही काय भानगड?’ मॅनेजरने विचारलं.

‘मालकांना विचारा,’ म्हटलं.

मालकांनी नव्या कामाचे पैसे त्याच दिवशी पाठवले. मागील बाकी अजून वहीत आहे.