टायरवाल्याचा टीव्ही आणि बाबांचं व्हाउचर

नागपूरहून इथे अमेरिकेत परत येऊन पाच दिवस झाले, झोप अजून तिकडेच राहिली आहे. पहाटे तीनला डोळे टक्क उघडतात. म्हटलं नुसतं पडून राहण्यापेक्षा लिहावं, कारण या खेपेला घरी एक भांडण करून आलो आणि ते धड मिटवून आलो नाही.

भांडण बातम्यांवरून. रात्रीचे नऊ, प्रतापनगरचं आमचं घर, ऑगस्टचा तो चिकट उकाडा, पंखा पाचवर, आणि टीव्हीवर आठ चौकटींतली आठ माणसं एकदम बोलून राहिलेली. बाबांच्या हातात रिमोट, रिमोटला अजूनही प्लास्टिकचं कव्हर. वरच्या मजल्यावरचे काका रोजच्यासारखे जेवून खाली आलेले. काकांचा पक्ष वेगळा, बाबांचा वेगळा. पण काकांकडे या वेळेला सून मालिका पाहते, म्हणून ते बाबांचंच चॅनल पाहतात आणि दर पाच मिनिटांनी "सारे विकले गेले" म्हणतात. जाहिराती लागल्यावर बाबांनी आवाज कमी केला आणि मला विचारलं, "तुमच्याकडे तरी बातम्या बऱ्या असतील ना?"

एवढंच विचारलं. अन् मी चाळीस मिनिटं बोललो.

मला काय काय चढलं होतं ते तुम्हालाही सांगतो. तुमच्याकडे चॅनल घरात असतं. नाही आवडलं तर उठून गॅलरीत जाता येतं. अमेरिकेत ते मागे मागे येतं. दातांच्या डॉक्टरकडे, विमानतळावर, गाडी धुवायला दिली तिथे. भिंतीवर उंच टांगलेला टीव्ही, रिमोट काउंटरच्या मागे, आणि दिवसभर एकच चॅनल. इतवारीत दुकानात गल्ल्यामागचा फोटो पाहिला, गजानन महाराज, बाबासाहेब, ताजुद्दीन बाबा, की माणसाचा थोडाफार अंदाज येतो ना, तसा इथे चॅनलवरून येतो. माझ्या जिममध्ये तर ट्रेडमिलसमोर तीन टीव्ही ओळीने होते: एकावर डाव्या विचारांचं चॅनल, एकावर उजव्या विचारांचं, एकावर मधलं म्हणवणारं. एकाच मिनिटाला तीन देश दिसायचे. मग दोन माणसांची त्यावरून जुंपली आणि जिमने तिन्हींवर घरं दुरुस्त करायचे कार्यक्रम लावून टाकले. ही काही आमच्याच जिमची शक्कल नव्हे. लाइफ टाइम नावाच्या मोठ्या जिम-साखळीने २०१८ च्या जानेवारीतच मोठ्या पडद्यांवरून बातम्यांची केबल चॅनलं काढून टाकली होती. आता मी फरशी कशी बसवतात ते पाहत धावतो. तब्येतीला बरं आहे.

पण माझी खरी गोष्ट टायरच्या दुकानातली.

गेल्या जानेवारीत ७१ नंबरच्या हायवेवर खड्ड्यात टायर गेला. (हो, अमेरिकेत खड्डे असतात. बर्फ वितळून परत गोठलं की डांबर फुटतं. सांगून ठेवतो, कारण काकांना हे ऐकून फार समाधान झालं.) दुकानात गेलो. रबराचा वास, कडू कॉफी, चार खुर्च्या आणि वर टीव्ही. उजवीकडचं चॅनल. विषय एकच: बाहेरून आलेले लोक. खालच्या पट्टीवर तेच, कोपऱ्यातल्या चौकटीत तेच, एकच चित्रफीत फिरून फिरून तीच. पाहुणा म्हणून बोलावलेला माणूस निवेदकाच्याच मताचा, त्यामुळे वाद नाही, नुसती आरती. अन् त्या खोलीत बाहेरून आलेला माणूस एकच, मी, हातात कॉफीचा कागदी कप धरून. माझ्या शेजारी शिकाऱ्यांची असते तशी हिरवट ठिपक्यांची टोपी घातलेला एक म्हातारा होता. तो प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. पावणेदोन तास! मी आवाज कमी करायला सांगू शकलो नाही, चॅनल बदला म्हणायची तर बातच सोडा. कर मी भरतो, हप्ते मी भरतो, आणि माझ्याच पैशाने टायर बसेपर्यंत माझ्याचबद्दल हे ऐकायचं.

हे सांगताना माझा आवाज टीव्हीवरच्या आठांपेक्षा चढला असावा, कारण आई आतून "कोणाशी भांडून राहिला?" म्हणत बाहेर आली.

काकांनी विचारलं, "काऊन, सरकारचा काही नियम नाही का तिथे?" आता हा प्रश्न म्हणजे माझ्यासाठी फुलटॉस. सांगितलं, होता. १९४९ पासून 'फेअरनेस डॉक्ट्रिन' म्हणून नियम होता की परवाना घेतलेल्या रेडिओ-टीव्ही केंद्रांनी वादाचे सार्वजनिक प्रश्न दाखवावेत आणि त्यांच्या निरनिराळ्या बाजू दाखवाव्यात. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. १९८७ मध्ये नियामक आयोगाने स्वतःच सोडून दिला. त्याच्या थोडंच आधी संसदेने त्याचा कायदा करायला घेतला, तर अध्यक्ष रेगननी नकाराधिकार वापरला. त्या नियमाचा पाया असा की हवेतल्या लहरी मोजक्या आहेत, ज्याला मिळाल्या त्याने नीट वापराव्या. केबल चॅनलला लहरींचा परवाना लागतच नाही. सीएनएन १९८० चं. डावीकडचं एमएसएनबीसी १९९६ च्या जुलैत आणि उजवीकडचं फॉक्स न्यूज त्याच वर्षी ऑक्टोबरात. म्हणजे हे दोघे तीन महिन्यांच्या अंतराचे भाऊ म्हणा, आणि मोकळ्या रानात जन्मलेले.

मग पैशाचं सांगितलं. आपल्याकडे बातम्यांचं चॅनल फुकट नाहीतर नाममात्र पैशात येतं आणि जाहिरातीवर जगतं, म्हणून टीआरपीसाठी आरडाओरडा. अमेरिकेत केबल कंपनी चॅनलला दर महिन्याला दर घरामागे पैसे देते, तुम्ही ते पाहा की न पाहा. ते पैसे तुमच्या बिलातूनच जातात. मग चॅनलला सगळ्या गावाची गरज काय? जे आपले आहेत ते चिडून खुर्चीत बसून राहिले आणि चॅनल काढलं तर केबल कंपनीला शिव्या घालायला उठले, की पुरे. २०२३ च्या एप्रिलमध्ये मतदान यंत्रांच्या डोमिनियन कंपनीला फॉक्सने ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन खटला मिटवला. २०२० च्या निवडणुकीत यंत्रांनी घोटाळा केला असं जे चॅनलवर सांगितलं गेलं, ते खोटं होतं असं न्यायाधीशांनी आधीच म्हटलं होतं.

बाबांनी मनातल्या मनात गुणाकार केला. "साडेसहा हजार कोटीच्या घरात जातात. मग बंद पडलं?"

"नाही बाबा. चालू आहे. केबल बातम्यांत सगळ्यांत जास्त तेच पाहतात."

"पडद्यावर माफी?"

"तडजोडीत तशी अट नव्हती."

"बाप्पा!" काका म्हणाले, आणि पहिल्यांदाच बाबांकडे आपल्याच माणसाकडे पाहावं तसं पाहिलं.

इथे मी थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण बाबांनी विचारलं, "अन् ते दुसरं, डावीकडचं? ते तू पाहतो ना?" मी म्हटलं, पाहतो, तेही काही धुतल्या तांदळाचं नाही, पण ते निदान... आणि 'पण'वर अडकलो. बाबांनी माझ्या फोनवर दोन्हीकडच्या एकेक चित्रफिती लावायला सांगितल्या आणि आवाज पूर्ण बंद करायला लावला. त्यांना तिकडचे चेहरे ओळखू येत नाहीत. दोन्ही पाहून म्हणाले, "यातलं तुमचं कोणतं?" मी दाखवलं. "बरं," म्हणाले. तो 'बरं' मला अजून खुपून राहिला आहे. कारण फरक आहे! खोट्यासाठी पैसे मोजावे लागणं आणि तिरकस बोलणं यात फरक आहेच, मी ते आजही म्हणतो. १९८५ मध्ये स्टॅनफर्डच्या मानसशास्त्रज्ञांनी एकाच बातम्या इस्रायलच्या आणि अरबांच्या समर्थकांना दाखवल्या, तर दोघांनाही त्या आपल्याविरुद्ध झुकलेल्या वाटल्या, हे मला माहीत आहे. पण म्हणून कोणतीच बातमी झुकलेली नसते असं होत नाही ना? हे सगळं बाबांना ऐकवायचं राहून गेलं, कारण तेवढ्यात त्यांनी तो प्रश्न विचारला.

बाबा तेहतीस वर्षं सिव्हिल लाइन्सच्या एजी ऑफिसात, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या कचेरीत होते. दुसऱ्याच्या हिशेबातली गाळलेली ओळ शोधण्यात आयुष्य गेलं. चष्मा पुसत म्हणाले, "टायरचं काय झालं मग?"

"म्हणजे?"

"पावणेदोन तास बसला म्हणतो. टायर बसला का?"

"नाही. त्या मापाचा नव्हता त्यांच्याकडे. दुसऱ्या दिवशी आला."

"मग घरी कसा आला? जानेवारीत? बर्फात?"

आता तुमच्यापासून काय लपवायचं. उबर चाळीस मिनिटं दाखवत होतं आणि ती चाळीसची पन्नास होऊन राहिली होती. त्या टोपीवाल्या म्हाताऱ्याने मला घरी सोडलं. स्वतःहून. त्याचं घर माझ्या उलट दिशेला होतं हे मला नंतर, तो वळून परत गेला तेव्हा कळलं. गाडीत मागच्या सीटवर कुत्र्याचे केस आणि खताची पोती. राजकारणाचा एक शब्द त्याने काढला नाही, मीही नाही. कुठला म्हणून विचारलं, तर मी नागपूरच्या संत्र्यांचं सांगितलं. म्हणाला, माझ्या बायकोला संत्री फार आवडतात. बस. माझ्या दारात उतरवून, मी आत जाऊन दिवा लावेपर्यंत थांबला.

हे मी बाबांना सांगितलं. खाली मान घालून सांगितलं, खोटं कशाला बोलू.

"याचं व्हाउचर नाही लावलं तू," बाबा म्हणाले.

काका खो खो हसले. मला राग आला. मी म्हटलं, त्याचं वागणं आणि चॅनलचं वागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तो चांगला होता म्हणून चॅनल चांगलं ठरत नाही. आणि तुमचं काय? हे जे समोर चालू आहे त्याचं ऑडिट केलं का कधी? २०२० च्या ऑक्टोबरात टीआरपीच्या घोटाळ्याचं प्रकरण निघाल्यावर बातम्यांच्या चॅनलांचे आकडेच थांबवले होते, ते पार २०२२ च्या मार्चमध्ये सुरू झाले. तेव्हाही तुम्ही हेच पाहत होता.

"हो ना," बाबा शांतपणे म्हणाले. "दीड वर्ष आकडे नव्हते, तरी आवाज एवढाच होता. मग मी काय समजायचं?" आणि त्यांनी आवाज वाढवला. पुढे मी जेवलो नाही असं आई सांगते. जेवलो होतो, भाकरी कमी खाल्ली एवढंच.

दोन दिवस आम्ही जपून बोललो. मग पोळा झाला, आणि दुसऱ्या दिवशी मुलीला मारबत, म्हणजे गावातलं वाईटसाईट घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक, दाखवायला इतवारीत घेऊन गेलो. बाबाही आले. काळी आणि पिवळी मारबत समोरासमोर आल्या तेव्हा गर्दीने एकच हल्लकल्लोळ केला. बडगे, म्हणजे सोबतचे टिंगलीचे पुतळे, नेहमीसारखे: महागाई, भ्रष्टाचार, रस्ते. एकाच्या डोक्याच्या जागी चक्क टीव्हीचा खोका होता आणि तोंडात माइक कोंबला होता. पोट्टे ओरडत होते, "घेऊन जा गे मारबत!" कोणतं चॅनल ते खोक्यावर लिहिलं नव्हतं. बाबा ओरडले, मीही ओरडलो. आपापलं मनात धरून ओरडलो असणार. इथे कोलंबसमध्ये असं वर्षातून एकदा ओरडून जाळून टाकायची सोय नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. इथे लोक अंगणात पाट्या रोवतात आणि शेजाऱ्याच्या पाटीकडे न पाहता गवत कापतात.

आल्यावर पहिलं काम म्हणून केबलचं बिल पाहिलं. पाहत नाही त्या चॅनलाचे पैसे त्यातच. बायको म्हणाली, काढून टाक ना मग. मी म्हटलं, क्रिकेटचं विलो त्या पॅकवर आहे. ती म्हणाली, विलो वेगळं घेता येतं, ॲपवर. घेता येतं. पण मोठ्या पडद्यावर केबलचं चित्र स्थिर येतं, आणि मॅच पहाटे असतात, आणि एकूण हे सगळं बदलणं म्हणजे फोनवर तासभर. पुढच्या महिन्यात बघू.

निघताना बाबांनी बॅगेत संत्रा बर्फीचा एक डबा जास्तीचा ठेवला होता. वर त्यांच्या ऑफिसच्या अक्षरात चिठ्ठी: 'टायरवाल्या गृहस्थांच्या पत्नीसाठी'. मला त्या माणसाचं नाव माहीत नाही. घर कुठे, तेही नाही. टायरच्या दुकानात विचारता येईल, तिथले त्याला ओळखत असावेत. शनिवारी जाणार होतो, पण बर्फी फ्रिजमध्ये किती दिवस टिकते यावरून घरात चर्चा झाली आणि अर्धा डबा आम्हीच संपवला. उरलेली छोट्या डब्यात काढून ठेवली आहे. चिठ्ठी आता त्याच्यावर चिकटवली आहे.