कुऱ्हाडी इंटरव्हलच्या आधी आहेत

मल्टिप्लेक्सचा ड्युटी मॅनेजर सिनेमा कधी सलग बघत नाही. शुक्रवारी पहिल्या शोला मी आत-बाहेर करत असतो. आवाज नीट आहे ना, एसी शेवटच्या रांगेपर्यंत पोचतोय ना, आणि मुख्य म्हणजे इंटरव्हल नक्की किती वाजता पडतो. ती वेळ कॅन्टीनला आधी द्यावी लागते, नाहीतर पॉपकॉर्नची रांग संपायच्या आत पडदा सुरू होतो आणि शिव्या आम्ही खातो. त्यामुळे कुठल्या सिनेमात काय कधी येतं हे मला तुकड्यातुकड्यांनी पाठ असतं. गोष्ट विचाराल तर नीट सांगता येणार नाही.

३ डिसेंबर २०२३, रविवार. ‘ॲनिमल’ लागून तिसरा दिवस, आमच्या पुण्यातल्या थिएटरात पाय ठेवायला जागा नाही. सिनेमा ३ तास २१ मिनिटांचा, म्हणजे दोन शोंच्या मधे झाडू मारायलाही पोरांना धावावं लागत होतं. त्यात सर्टिफिकेट ‘ए’. सकाळपासून दारात तोच वाद. १८ पूर्ण नसतील तर आत सोडता येत नाही. आईवडील सोबत असले तरी नाही, ती सोय ‘यूए’ला. एक गृहस्थ सातवी-आठवीतल्या मुलाला घेऊन आले होते. म्हणाले, “घरी मोबाईलवर याच्याहून वाईट बघतो तो.” बघत असेलही. मी म्हटलं, “असेल साहेब, पण तिथे दारात मी नसतो.” शेवटी त्यांना ‘सॅम बहादुर’ला बसवलं. दुसऱ्या एका कुटुंबाला ‘झिम्मा २’ची तिकिटं काढून दिली, तर त्यांच्यातल्या आजी एकदम खूश. त्यांना पहिल्यापासून तोच बघायचा होता, घरात कोणी विचारलंच नव्हतं.

दुपारच्या शोला कॉलेजची पाच-सहा पोरं आली. सगळ्यांची आधार कार्डं तपासून आत सोडली. त्यातला एक दोन मिनिटांनी एकटाच परत आला.

“सर, कुऱ्हाडी आहेत ना यात?”

“आहेत. का?”

त्याने शर्टाची बाही वर केली. कोपरापासून मनगटाच्या थोडं वरपर्यंत जाड, गुलाबी वण, टाक्यांच्या खुणांसकट. “कोयता,” एवढंच म्हणाला. त्या वर्षी पुण्यात कोयता घेऊन फिरणाऱ्या टोळक्यांच्या बातम्या सतत यायच्या, त्यामुळे पुढचं विचारावं लागलं नाही. मित्रांना वण माहीत होता. आता हातगाडीवर नारळ सोलताना बघूनही याला घाम फुटतो, हे माहीत नव्हतं. तिकिटं त्यांनीच काढलेली. नाही म्हणावं तर कारण सांगा, आणि कारण सांगावं तर वर्षभर चिडवतील.

“मी बघू का नको, ते तुम्ही सांगा.”

अशा वेळी लोक दोनच गोष्टी बोलतात. ‘अरे काही नाही, खोटं असतं सगळं’ किंवा ‘झेपत नाही तर कशाला येता’. दोन्ही त्याच्या उपयोगाच्या नव्हत्या. मला जे माहीत होतं ते मी सांगितलं. हॉटेलातली मोठी मारामारी इंटरव्हलच्या आधी आहे. मुखवटे घातलेले लोक येतात तिथून ती सुरू होते, पंधरा मिनिटं तरी चालते, आणि कुऱ्हाडी त्यातच. नंतर मशीनगन निघते. दुसऱ्या भागात लग्नाच्या प्रसंगात एक खून आहे, अचानक येतो. शेवटी विमानाच्या धावपट्टीवर मारामारी, तिचा शेवट वाईट आहे. आणि शेवटची नावं सुरू झाली की लगेच बाहेर पड, कारण नावांनंतर आणखी एक प्रसंग आहे, भरपूर रक्ताचा.

तो ऐकत होता, मधेच म्हणाला, “म्हणजे मुखवटे दिसले की उठायचं.” मित्राला पाय अवघडतो असं सांगून त्याने कडेची सीट घेतली.

मुखवटे आले आणि तो बरोबर बाहेर आला. दरवाजा बंद असूनही आवाज येतोच. खालच्या पट्टीतला धमधम आवाज कुठलाही दरवाजा अडवत नाही. लॉबीतल्या टीव्हीवर तर याच सिनेमाचा ट्रेलर पुन्हा पुन्हा चालू होता. तो मी बंद करायला लावला आणि याला कॅन्टीनच्या पलीकडच्या टोकाला नेऊन चहा दिला. थोड्या वेळाने आत ‘डॉल्बीवाल्या’ सुरू झालं. उपेंद्र लिमये मशीनगन घेऊन येतात आणि अजय-अतुलचं हे गाणं वाजतं, तिथे आमच्याकडे प्रत्येक शोला शिट्ट्यांनी छत उडायचं बाकी राहायचं. हिंदी सिनेमात मराठी गाणं वाजतंय याचा तो आनंद होता, रक्ताचा नव्हे. निदान मला तरी तसं वाटतं. हा पोरगाही चहाच्या कपावर बोटांनी ठेका धरून होता.

“हे गाणं मला बघायचं होतं,” म्हणाला. “पण जाऊ दे.”

मित्रांनी इंटरव्हलला विचारलं तेव्हा त्याने घरून फोन आला होता असं सांगितलं. मी काऊंटरवर उभा राहून ऐकत होतो, पण मान वर केली नाही.

लोक ‘ए’ बघतात आणि समजतात, आपण १८ च्या वरचे, म्हणजे प्रश्न मिटला. पण त्या एका अक्षरात शिवी, उघडं अंग आणि चिरलेला गळा सगळं एकत्र कोंबलेलं असतं. ओटीटीवाल्यांना २०२१ च्या नियमांनी निदान हिंसा आहे का, शिवीगाळ आहे का, ते लिहावं लागतं. आमच्या पोस्टरवर नुसतं अक्षर. म्हणून त्यानंतर मी शुक्रवारी इंटरव्हलच्या वेळेशेजारी आणखी दोन-चार वेळा लिहून ठेवायला लागलो आणि सीट दाखवणाऱ्या पोरांनाही सांगून ठेवलं, कोणी विचारलं तर हसायचं नाही, सांगायचं. विचारणाऱ्यांत बायका जास्त असतील असा माझा अंदाज होता, तो साफ चुकला. पुरुषच येतात, बहुतेक एकटे, आणि ‘बायकोसाठी विचारतोय’ म्हणतात.

तो पोरगा पुढच्या जुलैत परत दिसला, ‘किल’ लागला होता तेव्हा. या वेळी मित्रांसकट काऊंटरला आला आणि सगळ्यांसमोर विचारलं, “सर, यात कधी उठायचं?”

मी म्हटलं, “यात सिनेमाचं नावच बऱ्याच वेळाने पडद्यावर येतं. त्यानंतर मारामारीची गाडी थांबत नाही. उठलास की घरीच जा.”

“मग ‘कल्की’ची द्या,” तो म्हणाला. मित्रांनी थोडी कुरकुर केली, पण तिकिटं ‘कल्की’चीच निघाली.