गव्हर्नर ड्रायव्हरचा हीट सिंक: आधी जागा, मग बैठक

नवी मुंबईतल्या रबाळे एमआयडीसीतल्या एका शेडमधला कॅनोपीवाला (बंद पेटीतला) डिझेल जनसेट, 24 व्होल्टचा. इंजिनाचा वेग स्थिर ठेवतो तो गव्हर्नर; त्याचा ड्रायव्हर म्हणजे डिझेल कमी-जास्त करणाऱ्या अ‍ॅक्चुएटरला करंट देणारं सर्किट. थंड असताना पहिल्या सेल्फला सुरू व्हायचा आणि फ्रिक्वेन्सी 50 हर्ट्झवर स्थिर राहायची. पूर्ण लोडवर 35-40 मिनिटं झाली की हंटिंग सुरू: आकडा 48.5 ते 51.5 मध्ये झुलायचा. अर्धा तास बंद ठेवला की पुन्हा ठीक.

दोष घड्याळ लावून येत असेल तर उष्णतेचा संशय रास्त असतो, पण आधी बाकीचं तपासलं. डिझेल फिल्टर बदलून लाइनमधली हवा काढली. अ‍ॅक्चुएटरची लिंक हाताने हलवून कुठे अडकत नाही ना ते पाहिलं. वेग मोजणारा मॅग्नेटिक पिकअप फ्लायव्हीलच्या दात्याला टेकेपर्यंत आत घेतला आणि पाऊण आटा मागे आणला; सेल्फ मारताना त्यावर 1 व्होल्टच्या वर एसी मिळत होता. मग इंजिन थंड असताना फक्त ड्रायव्हरच्या ट्रान्झिस्टरवर केस वाळवायचा ड्रायर धरला. चार मिनिटांत तेच झुलणं. दोष नक्की झाला.

हा ड्रायव्हर जुन्या पद्धतीचा, लिनिअर, म्हणजे उरलेली वीज ट्रान्झिस्टरमध्ये उष्णता होऊन जाते. दोन 2एन3055 ट्रान्झिस्टर, टीओ-3 च्या धातूच्या डबीतले. तापमान चढलं की बेस आणि एमिटर या दोन टोकांमधला व्होल्टेज ड्रॉप दर अंशाला साधारण 2 मिलिव्होल्टने घटतो, गेन आणि लीकेज वाढतात, आणि थंडीत लावलेली गव्हर्नरची सेटिंग हातची जाते. उष्णता हवेत सोडणारा अ‍ॅल्युमिनियमचा हीट सिंक होता, चांगला जाडजूडही होता. पण तो इंजिन ब्लॉकच्या ब्रॅकेटवर कसलेला होता. चूक मुळात इथेच आहे. इंजिन तापल्यावर कूलंट 85-90 अंशांवर जातं. त्या लोखंडाला जोडलेलं अ‍ॅल्युमिनियम ट्रान्झिस्टरला थंड करत नाही, उलट इंजिनाची उष्णता त्याच्यापर्यंत आणून देतं.

हिशोब कागदावर मांडला. दोन्ही ट्रान्झिस्टर मिळून 30 वॉट उष्णता, म्हणजे प्रत्येकी 15. 2एन3055 मध्ये जंक्शनपासून (आतल्या चिपपासून) डबीपर्यंत वॉटमागे दीड अंश, म्हणजे 23 अंश. डबी आणि सिंकमध्ये वीज अडवणारा मायकाचा पातळ पापुद्रा असतो; उष्णता नेणारी पेस्ट लावलेल्या मायकाचे वॉटमागे 0.4 धरून आणखी 6. जंक्शन 110 च्या वर जाऊ द्यायचं नाही असं मी ठरवलं, म्हणजे सिंक 81 पर्यंत चालेल. कॅनोपीतली हवा 50 धरली तर उरतात 31 अंश; 30 वॉटला वॉटमागे साधारण 1 अंशाचा सिंक हवा. ट्रान्झिस्टर 200 अंश सोसतो हे डेटाशीटमध्ये आहे, पण तो जळू नये एवढंच इथे पुरत नाही, सेटिंग जागेवर राहिली पाहिजे.

जागा निवडली अल्टरनेटरच्या मागच्या लूव्हरजवळ (हवा आत घेणाऱ्या जाळीजवळ). अशा कॅनोपीत हवा अल्टरनेटरच्या बाजूने आत येते, इंजिनावरून जाते आणि रेडिएटरमधून बाहेर पडते. त्यामुळे सगळ्यात गार हवा लूव्हरपाशी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून 150 मिमी लांबीचा फिनवाला तुकडा कापून आणला. फिन उभ्या, मागच्या पत्र्यापासून 20 मिमी अंतर, वरखाली हात जाईल एवढी मोकळी जागा, चार रबरी माउंटवर. रबर उष्णता नेत नाही. इथे ती हवेनेच न्यायची आहे, आणि धक्के अडवणं जास्त गरजेचं आहे.

खरी मेहनत बैठकीवर. जुना सिंक उघडला तेव्हा पेस्ट वाळून चुन्यासारखी झाली होती, एक मायका चिरलेला, आणि भोकांच्या कडेला बर (ड्रिलिंगनंतर उरलेला धातूचा काटा) तसाच. टीओ-3 ची स्क्रूची भोकं 30.15 मिमी अंतरावर, पिना 10.9 मिमीवर. टेम्प्लेट लावून पाडली, मग 12 मिमीचं ड्रिल बिट नुसतं हाताने फिरवून प्रत्येक भोकाची कड मोडली. नखाने चाचपलं तरी अडता कामा नये. उरलेला बारीकसा काटाही डबीला तिरकं उचलतो आणि मायका भोसकतो. काचेवर 400 नंबरचा पॉलिश पेपर ठेवून पृष्ठभाग घासला, स्टीलची पट्टी उभी धरून उजेडात पाहिलं, आयसोप्रॉपिलने पुसलं. डबीचा तळ घासू नये, निकेलचा थर जातो.

पेस्ट मायकाच्या दोन्ही बाजूंना, आरपार दिसेल इतकी पातळ. थापली तर तीच उष्णतेच्या आड येते. डबी म्हणजेच कलेक्टर (ट्रान्झिस्टरचं तिसरं टोक), त्यामुळे स्क्रूही जिवंत असतो: वीज अडवणारा बुश सिंकमध्ये, कलेक्टरच्या वायरचा लग नटखाली. एम3 चे दोन्ही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळत 0.6 न्यूटन-मीटरपर्यंत नेले. एकच आधी पूर्ण आवळला की दुसरी बाजू उचलली जाते. खाडीकडून येणारी हवा खारट, म्हणून स्टेनलेसचे स्क्रू. पहिल्या वेळी मुद्दाम पुन्हा सोडून ठसा पाहिला. एका डबीखाली मधोमध कोरडा डाग होता. तिथे घासणं राहिलं होतं, ते पुन्हा केलं.

वायरी जोडण्याआधी कलेक्टर ते सिंक मल्टिमीटरने तपासलं: पूर्ण ओपन. ड्रायव्हर जोडलेला असताना इथे मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारं मीटर) कधीच लावू नये. वायर दोन मीटरने वाढली, 2.5 चौ.मिमीत जाऊन-येऊन 3 अँपिअरला ड्रॉप 0.1 व्होल्टपेक्षा कमी. पिकअपची वायर शील्डवाली, शील्ड अर्थ केली ती फक्त कंट्रोलरच्या बाजूला.

चाचणी दीड तास पूर्ण लोडवर, कॅनोपीची दारं बंद ठेवून. दारं उघडली की हवेचा मार्गच बदलतो आणि रीडिंग फसवं येतं. इन्फ्रारेड गन चकचकीत डबीवर खूप कमी दाखवते, म्हणून थर्मोकपल. सिंकवर काळी टेप चिकटवून गननेही पडताळलं. लूव्हरची हवा 41, सिंक 68, डबीची कड 74. डबी आणि सिंकमधला 6 अंशांचा फरक हिशोबाशी जुळला, म्हणजे बैठक बरोबर आहे. फ्रिक्वेन्सी 49.8 ते 50.2.

सेट थंड झाल्यावर स्क्रू पुन्हा टॉर्कवर तपासले. पेस्ट पसरल्याने चारही थोडे फिरले. तिन्ही तापमानं दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहिली आहेत. पुढे डबी आणि सिंकमधला फरक वाढलेला दिसला तर पेस्ट किंवा स्क्रू पाहायचे. फरक तोच पण दोन्ही आकडे चढलेले असतील तर आधी लूव्हर आणि फिनमधली धूळ.